समेटाला आधी कोण आलं

संध्याकाळी आम्ही चार-पाच निवृत्त माणसं पालघरला फेरी मारायला निघतो. पाय दुखायला लागले की एका बाकावर बसतो आणि जगाची व्यवस्था लावतो. हल्ली जगात कुठे ना कुठे लढाई चालूच असते, त्यामुळे विषयांना तोटा नाही. परवा आमच्यातले एक माजी मुख्याध्यापक म्हणाले, "काल-परवापर्यंत हा तिकडचा नेता शेवटच्या श्वासापर्यंत लढण्याच्या गोष्टी करत होता. आज म्हणतो, बोलणी करायला तयार आहे. एका रात्रीत असं काय झालं?"

एकाने सांगितलं, दारूगोळा संपला असणार. दुसरा म्हणाला, कुणीतरी मोठ्याने कान पिळला असणार. तिसऱ्याच्या मते तो मुळातच भित्रा होता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी सगळी नोकरी भांडणं मिटवण्यात गेली, हे त्यांना माहीत आहे.

मोठ्या युद्धांमधलं मला काही कळत नाही. पण लढाई ऐन भरात असताना सेनापती गुपचूप तहाची चौकशी करायला येतो, हे मी स्वतःच्या घराच्या बैठकीत पाहिलं आहे. तो का आला, हे मात्र मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेच आज लिहिते.

मी कामगार खात्यात समेट अधिकारी होते. समेट अधिकारी म्हणजे न्यायाधीश नव्हे. मला निकाल देता येत नसे, कुणाला शिक्षा करता येत नसे. कंपनी आणि युनियन यांचं फाटलं की दोघांना समोरासमोर बसवायचं, दोघांचं ऐकायचं आणि दोघांना सही करता येईल असा काही मजकूर निघतो का ते पाहायचं. निघाला तर उत्तम. नाही निघाला तर समेट झाला नाही असं वर कळवायचं, मग प्रकरण कोर्टाच्या वाटेला लागतं आणि त्या वाटेवर माणसं म्हातारी होतात. माझी आई सांगलीहून यायची तेव्हा दर खेपेला विचारायची, "म्हणजे तू तिथं नक्की करतेस तरी काय?" मी सांगायचे, "भांडणाऱ्यांना चहा देते." तिला ते पटायचं नाही. पण ते फारसं खोटं नव्हतं.

माझं कार्यालय पालघरला आणि भांडणं बहुतेक बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली. कारखाने नाना तऱ्हेचे आणि भांडणंही तशीच. एका कापड कारखान्यात कँटीनच्या डाळीवरून काम बंद पडलं होतं. कामगार म्हणत, डाळ म्हणजे पिवळं पाणी. मॅनेजर प्रयोगशाळेतून तपासणी करून घेऊन आला, डाळीत प्रथिनं पुरेशी आहेत म्हणून. मी त्याला म्हटलं, "साहेब, हे प्रथिनांचं भांडण नाही. तुम्ही आठवडाभर तिथे जेवा." तो बिचारा सरळ होता, जेवला. आठवड्यानंतर मी कामगारांना विचारलं, आता डाळ कशी आहे? ते म्हणाले, सुधारली. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, डाळीत कणभरही बदल केलेला नाही." ताटाला ताट लावून साहेब जेवतो, एवढाच काय तो बदल होता.

सगळीच प्रकरणं अशी गोड नसतात. एका जुन्या गिरणीचं प्रकरण आठवलं की मला अजून चुटपुट लागते. दोन्ही बाजू थकल्या होत्या, दोघांनाही मिटवायचं होतं. मी दोघांना वेगवेगळं विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. पण मालक म्हणायचा, आधी त्यांनी यावं. युनियन म्हणायची, आधी त्याने यावं. आधी येणारा हरला, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. तसे बसून राहिले आणि गिरणी बंद झाली. तिथे आता गोदाम आहे. माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न मागण्यांचा नसतोच. आधी कोण बोलणार, हाच असतो.

आता मुख्य गोष्ट.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारा एक मध्यम कारखाना होता. मालकांना सगळे किशोरभाई म्हणत. मूळचे वलसाडकडचे, पण उभी हयात बोईसरला गेलेली. कारखाना त्यांनी स्वतः उभा केला होता आणि रोज सकाळी सगळ्या खात्यांतून एक चक्कर मारल्याशिवाय केबिनमध्ये बसत नसत. युनियनचे पुढारी भास्कर तरे. माकुणसारचे, घरची पानवेलींची वाडी, आवाज असा की सभेला माईक नसला तरी चालावं. त्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. ही दोन्ही माणसं एकमेकांना वीस-बावीस वर्षं ओळखत होती आणि दोघांचं बरं चाललं होतं.

आणि ज्याच्यामुळे सगळं पेटलं तो सुरेश वरठा. मनोरच्या पुढच्या डोंगरातला, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. गावी थोडी पावसावरची भातशेती. आठवडाभर कुंभवलीला खोली करून राहायचा, सुट्टीला गावी जायचा.

सुरेश रिॲक्टरवर काम करायचा. रिॲक्टर म्हणजे रसायन शिजवायचं मोठं बंद भांडं. एके दिवशी दुपारच्या पाळीत त्याला आतून नेहमीपेक्षा वेगळा आवाज यायला लागला, दाबाचा काटाही चढायला लागला. सुपरवायझर जागेवर नव्हता. सुरेशने कुणालाही न विचारता वाफ बंद केली, शेजारच्यांना बाहेर काढलं आणि स्वतःही बाहेर आला. भांड्यातला सगळा माल वाया गेला. व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं की काहीही झालेलं नव्हतं, हा माणूस घाबरला आणि नुकसान करून बसला. युनियनचं म्हणणं, काही झालं नाही कारण त्याने वेळेवर बंद केलं. न झालेल्या स्फोटाचा पुरावा कुठून आणणार? चौकशी झाली, सुरेशला कामावरून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी भास्कर तऱ्यांनी गेटवर संप जाहीर केला.

संप उन्हाळ्यात सुरू झाला आणि पावसात शिरला. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगारही गेटसभेला यायला लागले. गेटसमोर मांडव, मांडवावर सुरेशचा भला मोठा फोटो. रोज सुरेशला हार घालून मंचावर बसवायचे आणि त्याच्या नावाने घोषणा द्यायचे. किशोरभाईंनी मुंबईहून एक नामांकित वकील आणला. ते बघून युनियननेही मुंबईहून एक सल्लागार आणला. मी दोन्ही पक्षांना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा वकील आणि सल्लागार एकमेकांवर तुटून पडले आणि किशोरभाई व तरे दोघंही भिंतीकडे बघत बसले.

गेटवर मी एकदा सरकारी कामासाठी गेले तेव्हा मिश्राजी नावाच्या जुन्या फिटरने मला थांबवलं. म्हणाले, "मैडम, हमको मत समझाइए. भास्करभाई को देखिए. भाषण तो ज़ोर से देते हैं, पर नीचे उतरकर किसीसे बात नहीं करते."

मी ते ऐकलं आणि विसरले. गेटवर इतके लोक इतकं काही सांगत असतात.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. मी भाजी निवडत होते. दारात भास्कर तरे उभे. एरवी दहा माणसं बरोबर असायची, आज एकटेच. रेनकोट हातात धरून म्हणाले, "साहेब हायत का?" म्हणजे माझे मिस्टर. मिस्टर बाजारात गेले होते आणि तरे त्यांना ओळखतसुद्धा नव्हते. मी म्हटलं, "नाहीत. पण तुम्ही आत या."

बसले. पाऊस, वाडीतली पानं, माझ्या मुलीचं शिक्षण, सगळं बोलून झालं. मी निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडली. अनुभवाने एक शिकले होते, अशा वेळी विचारायचं नाही. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, समजा कोनी बोलाचं ठरवलं, तर तुमी ते कोनाला सांगता का?"

"नाही."

"माझ्या मानसांना पन नाय?"

"तुमच्या माणसांनाही नाही आणि त्यांच्याही नाही."

त्यांनी मान हलवली. मला खरोखर नवल वाटलं होतं. संप त्यांच्या बाजूने चालला होता. माणूस फुटला नव्हता, मांडव दिवसेंदिवस मोठा होत होता, वर्तमानपत्रात नाव येत होतं. मी विचारलं, "तरे, तुम्ही तर जिंकत चाललाय. मग आता का?"

त्यांनी हातातल्या रेनकोटची घडी केली. मग म्हणाले, "आज मी चला म्हटलं तर समदे चालतात, बसा म्हटलं तर बसतात. पंधरा दिसांनी बसतील का, सांगता येत नाय. काल दोघातिघा पोरांच्या खिशात दगड होते. मी ते काढून घेतले. पोरं हसली. मॅडम, ती मला भिऊन हसली नायत."

"म्हणजे ताबा सुटेल अशी भीती आहे?"

"तसंच समजा," ते म्हणाले. पण ते ज्या पद्धतीने म्हणाले त्यावरून मला वाटलं, एवढंच नाही. आणखी काहीतरी आहे आणि ते हा माणूस मला सांगणार नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे किशोरभाई. आवाज एकदम खाली आणलेला. "मैडम, संडे को तकलीफ दे रहा हूँ. अकेले में मिलना है, वकील साहब के बिना. किसीको बताना मत."

तरे माझ्याकडे बघत होते. मी फोनवर म्हटलं, "उद्या सकाळी ऑफिस उघडायच्या आधी या." आणि फोन ठेवला.

"कोन होतं?" तऱ्यांनी विचारलं.

"ऑफिसचं काम."

तेही खोटं नव्हतं. पण त्या क्षणी माझी जी अवस्था झाली ती वाचकांनी समजून घ्यावी. दोन्ही सेनापती तह मागत आहेत, एक समोरच्या खुर्चीत आणि दुसरा कानात, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची मला बंदी. सांगितलं असतं तर दोघांचाही धीर वाढला असता आणि दोघांनीही लगेच आपापल्या अटी वाढवल्या असत्या. ते मी पुष्कळदा पाहिलं होतं. माणूस पडतं घ्यायला येतो तो समोरचा उभा आहे असं समजून. तोही वाकलाय हे कळलं की हा पुन्हा ताठ होतो.

दुसऱ्या दिवशी किशोरभाई आले. रिक्षाने आले होते, गाडी घरी ठेवून. वजन उतरलं होतं. मी त्यांनाही तेच विचारलं, आता का?

म्हणाले, "वकील साहब बोलते हैं, लढो. मेरे भाई लोग वलसाड से फोन करते हैं, लढो. सब बाहर के हैं. बोईसर में जिससे भी मिलता हूँ, दूधवाला, डॉक्टर, मंदिरात कुणी भेटला तरी, सगळे विचारतात, किशोरभाई, कब खतम होगा? लढायला सांगणारे सगळे लांब राहतात मैडम." हे त्यांनी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगितलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "और भी एक बात है. रहने दीजिए."

त्यांचंही काहीतरी सांगायचं राहिलंच.

मी माझ्या अधिकारात दोन्ही पक्षांना बोलावलं. सरकारने बोलावलं म्हणून यावं लागलं, असं दोघांनाही आपापल्या माणसांना तोंड वर करून सांगता आलं. आमच्या खात्याचा समाजाला सगळ्यात मोठा उपयोग कोणता, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. आधी कोण बोललं या प्रश्नाचं उत्तर सरकार, असं देता येतं.

बैठकीच्या दिवशी वकील आणि सल्लागार जय्यत तयारीने आले. अर्ध्या तासात पुन्हा आवाज चढले. सल्लागार म्हणाले, लेखी माफी मागितल्याशिवाय एक शब्द नाही. वकील म्हणाले, माफी मागायची असेल तर सुरेश वरठाने मागावी. तरे उठून उभे राहिले, किशोरभाईंनीही खुर्ची मागे सारली. एक मिनिट गेलं असतं तर बैठक संपली असती.

मी दोघा मुंबईकरांना म्हटलं, "तुमच्याशिवाय हे होणार नाही. नेमके मतभेदाचे मुद्दे कोणते, हे कुणीतरी अभ्यास करून पक्कं ठरवायला हवं. तुम्ही दोघांनी शेजारच्या खोलीत बसून तेवढे मुद्दे काढून द्याल का? एकही सुटता कामा नये."

दोघांचे चेहरे उजळले. ते काम त्यांच्या अगदी आवडीचं होतं. शेजारच्या खोलीत गेले आणि लगेच त्यांचा खणखणीत आवाज भिंतीतून ऐकू यायला लागला. आमचा शिपाई वसंता मधूनमधून चहा देऊन यायचा आणि मला हळूच सांगायचा, "अजून पयल्याच मुद्द्यावर हायत. पन खूश हायत."

इकडे खोलीत आम्ही तिघं. वसंता तीन कप चहा ठेवून गेला. मग किशोरभाईंनी विचारलं, "सुरेश कैसा है?"

"बरा हाय," तरे म्हणाले.

"उसकी बीवी? बच्ची?"

"बऱ्या हायत."

मग तरे म्हणाले, "तुमची शुगर?"

"बढ़ गयी."

इतकं झालं आणि मला कळलं की आज हे मिटणार. वीस वर्षांची ओळख होती, तिला बाहेर यायला जरा रस्ता हवा होता.

खरी अडचण सुरेशची. त्याला परत घेतलं असं लिहिलं तर कंपनीने चूक कबूल केल्यासारखं होत होतं. माफ करून परत घेतलं असं लिहिलं तर युनियन तोंडघशी पडत होती. किशोरभाईंचं एक म्हणणं वाजवी होतं. ते म्हणाले, उद्या कुणीही उठून प्लँट बंद करायला लागला तर मी कारखाना कसा चालवू? तऱ्यांचंही एक म्हणणं वाजवी होतं. ते म्हणाले, आणि उद्या कोनी बंद केलाच नाय तर?

ह्या दोन प्रश्नांवर ती माणसं तासभर बोलली. अगदी कामाचं बोलली. कुठल्या भांड्याचा काटा नीट चालत नाही, कुठल्या पाळीला सुपरवायझर कमी पडतो, हे दोघांनाही पाठ होतं. शेवटी असं ठरलं की धोका वाटला तर जागेवरच्या कामगाराने प्लँट बंद करायचा, विचारत बसायचं नाही. मात्र लगेच घंटा वाजवायची आणि मग दोन्ही बाजूंची माणसं मिळून तपासणी करायची. धोका खरा निघाला की नाही यावरून त्याला शिक्षा नाही. हा नियम कारखान्याने सुरक्षेसाठी आणला, असं किशोरभाईंना सांगता येणार होतं. आपण तो लढून मिळवला, असं तऱ्यांना सांगता येणार होतं. दोन्ही खरं होतं.

राहिलं एक वाक्य. सुरेशचं. माझ्या धंद्यात निम्मं काम क्रियापद शोधण्याचं असतं. "कामावर घेण्यात येईल" म्हटलं की तरे मान हलवत. "हक्काने रुजू होईल" म्हटलं की किशोरभाईंचे डोळे बारीक होत. आम्ही घेण्यापासून येण्यापर्यंत सगळी क्रियापदं पालथी घातली. शेवटी मी लिहिलं, "सुरेश वरठा सोमवारी पहिल्या पाळीला हजर राहतील." का, कसे, कुणाच्या कृपेने, काही नाही. दोघांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

शेजारच्या खोलीत तिसरा मुद्दा चालू होता. समेट झाल्याचं सांगितलं तेव्हा दोघांनाही, मला वाटतं, थोडं वाईट वाटलं.

माझं काम तिथे संपलं, पण तऱ्यांचं सगळ्यात अवघड काम पुढे होतं. गेटवर जाऊन आपल्या माणसांना सांगायचं. नियमाप्रमाणे मी गेले नसते तरी चाललं असतं, पण गेले. पावसाची भुरभुर होती. तऱ्यांनी नियम वाचून दाखवला, बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग माफीचं काय, असं कुणीतरी विचारलं. माफी नाही, म्हटल्यावर मागून आवाज आला, "दादा विकला गेला." एकाने म्हटलं, मग दहा जणांनी म्हटलं. मला त्या खिशातल्या दगडांची आठवण झाली.

भास्कर तऱ्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी सुरेशला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "ज्याच्यासाठी बसलो त्याला इचारा."

सुरेशला भाषण करता येत नव्हतं. इतके दिवस मंचावर बसला होता, पण कुणी त्याला बोलायला सांगितलंच नव्हतं. तो हार काढून हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "मी सोमवारी पयल्या पाळीला जातो. तुमी पन या." आणि खाली उतरला.

मिश्राजी उठले, अंगावरचा प्लास्टिकचा कागद झटकला आणि मांडवाची दोरी सोडायला लागले. बघता बघता मांडव उतरला.

पुढच्या युनियनच्या निवडणुकीत तरे पडले. विकले गेल्याची कुजबुज काही संपली नाही. मला त्याचा फार त्रास झाला. मी साक्ष द्यायला तयार होते, पण त्यांनी नको म्हटलं. ते बॉयलरवर काम करत राहिले आणि निवृत्त होऊन माकुणसारला वाडीत रमले. नियम मात्र अजून चालू आहे. एकदा तर खरोखरच उपयोगी पडला, असं मिश्राजींनी सांगितलं. घंटा वाजली, माणसं बाहेर आली, भांडं नंतर फुटलं. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

मीही निवृत्त झाले. गेल्या वर्षी भाताची कापणी उरकल्यावर सुरेशचा फोन आला. त्याने गावी घर बांधलं होतं. नव्या तांदळाचं जेवण करतोय, या म्हणाला. गेले तर अंगणात भास्कर तरे बसलेले, समोर पानांची जुडी. थोड्या वेळाने एक गाडी आली आणि तीतून किशोरभाई काठी टेकत उतरले. कारखाना आता त्यांचा पुतण्या बघतो. मी दोघांना त्या बैठकीनंतर एकत्र पाहिलंच नव्हतं.

जेवणं सुरू झाली. किशोरभाईंसाठी वेगळी वालाची भाजी केली होती. दोघं म्हातारे एकमेकांना चिडवत होते. मग किशोरभाई म्हणाले, "भास्कर, एक बात बताऊँ? इतने साल हो गये. पहले मैं गया था मैडम के पास. तू कधी आला नसतास."

तऱ्यांचा घास हातातच राहिला. "तुमी? मी गेलो पयला. घरी गेलो, रविवारचा. इचारा मॅडमना."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, एकाच सकाळी, एक घरात बसला होता आणि दुसऱ्याचा फोन आला. मग मी म्हटलं, "पण मला एक सांगा. त्या दिवशी तुम्ही दोघांनी कारणं सांगितलीत, ती अर्धी होती. उरलेलं काय होतं?"

तरे जरा ओशाळले. म्हणाले, "आदल्या दिवशी हा आला माझ्याकडं." त्यांनी हंड्याजवळ उभ्या असलेल्या सुरेशकडे बोट दाखवलं. "म्हनाला, दादा, आपन जिंकलो की काय होनार? मी म्हटलं, जिंकलो की जिंकलो. हा म्हनाला, तसं नाय, त्या दिवशी सकाळी उठून आपन काय करनार? मी इचार केला. आपन कामाला जानार. त्याच गेटातून, त्याच मानसाच्या कारखान्यात. मग घरी जाऊन झोपच नाय आली. जिंकून जे करायचं तेच मिटवून पन करायचं, तर मग ती दगडं कशाला?"

किशोरभाईंनी ताट बाजूला सारलं. "मेरे पास भी आया था," ते म्हणाले. "मंदिर के बाहर खड़ा था. पूछा, सेठ, आप जीत गये तो क्या करोगे? मी रागावलो. घरी आलो. सोचा, जीत गया तो ढाई सौ नये लोग रखूँगा? ज्यांना माझ्या भांड्यांचा आवाजही माहीत नाही? ह्या माणसाने आवाज ऐकला होता, म्हणून तर मी त्याला काढला होता."

मी इतकी वर्षं मनात धरून होते की तो समेट माझ्या युक्तीने झाला. शेजारची खोली, मुद्दे, क्रियापद. नातेवाइकांना तर किती वेळा रंगवून सांगितलं होतं. आणि माझ्याकडे येण्याआधीच दोन्ही सेनापतींना कुणीतरी एकच प्रश्न विचारून ठेवला होता. मला हसू आलं, आवरेना.

"सुरेश," मी म्हटलं, "हे तुला सुचलं कसं?"

त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. म्हणाला, "राबावर रोप पिवळं पडाय लागलं होतं मॅडम. रोप लावायची, आवनीची येळ निघून चालली होती. घरी बायको एकटी, आनि ह्ये रोज मला हार घालून वर बसवायचे. उठू म्हटलं तर उठून देत नव्हते. मला वाटलं, कवा संपनार ते तरी इचारावं. दोघांना पन इचारलं. दोघं पन काय बोलले नाय."

"मग आवणी झाली का शेवटी?"

"झाली की. संप मिटला त्या रविवारी आमचं समदं खातं आलं होतं शेतात. मिश्राजी, पोरं, समदे. दगडवाली पोरं पन होती. भास्करदादा तर गुडघ्याएवढ्या चिखलात. दुपारपातूर लावून झालं."

तरे समाधानाने हसले. किशोरभाई मात्र गंभीर झाले. "मुझे किसीने बुलाया नहीं," ते म्हणाले. आणि खरं सांगते, ते खरोखरच रुसलेले दिसत होते.

सुरेशची बायको वाढायला आली होती. तिने त्यांचं बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि त्यात गरम भात वाढला.

"पुढच्या पावसात या शेठ," ती म्हणाली. "पँट जुनी घालून या."